ताण्याला तेच, धमनीला तेच

बुऱ्हाणपुरात पावरलूम आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. लूमवर बीम चढण्याआधी सुताचं काय होतं, हे मात्र कामातल्या माणसांखेरीज कुणी विचारत नाही. ते आमच्याकडे होतं. मी सायझिंगमध्ये कामाला आहे. कोनांवरचं सूत आधी वार्पिंगला जातं, तिथून बीमवर गुंडाळून आमच्या मशीनवर येतं. मग हजारो धागे एका वेळी गरम खळीच्या हौदातून जातात, रोलरांमध्ये पिळले जातात, वाफेच्या सिलिंडरांवरून सुकत पुढे सरकतात आणि विणणाऱ्याच्या बीमवर बसतात. खळ नीट चढली नाही, तर ताणा लूमवरच्या वही-फणीच्या घासण्यानं सतत तुटतो आणि लूमवाल्याची अख्खी पाळी गाठी मारण्यात जाते.

खळ म्हणजे मक्याचं नाहीतर टॅपिओकाचं स्टार्च, मऊपणासाठी थोडं मेण किंवा चरबी, आणि पॉलिएस्टर मिसळलेलं सूत असेल तर पीव्हीए. पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पण आमच्याकडे सगळे पीव्हीएच म्हणतात. पोत्यात येणारी पांढरी भुकटी. स्टार्च सुती धाग्याला चांगलं धरतं, पॉलिएस्टरला तितकं धरत नाही. पीव्हीए दोन्हीला धरते. ती थंड पाण्यात ढवळत ढवळत सोडायची आणि मग वाफ चालू करायची. पाणी 90 अंशांच्या पुढे गेलं की विरघळून निवळ होते. गरम पाण्यात एकदम ओतली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गाठी होतात आणि सगळी वाफ वाया जाते. हे काम मी इतकी वर्षं करतोय की हौदातली खळ बोटावर घेऊन ती पातळ आहे की जाड, ते सांगू शकतो.

हीच पीव्हीए माझ्या थोरल्या भावाच्या छातीतल्या रक्तवाहिन्या बंद करायला वापरली. त्याची ही हकीकत आहे.

आमचे वडील रावेरकडून बुऱ्हाणपूरला आले. घरात मराठी, गल्लीत उर्दू, बाजारात हिंदी आणि निमाडी, अशात आम्ही वाढलो. दादा पंधरा-सोळाचा असल्यापासून लूमवर. बंद खोली, कापसाची उडणारी बारीक तूस, रात्रपाळी, एकाला एक लागून बसलेली माणसं. ऐन तिशीत त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, त्यानं एकही चुकवली नाही, वहिनींनी चुकू दिली नाही. शेवटच्या बेडका तपासणीत जंतू नव्हते. वजन परत आलं आणि तो पुन्हा लूमवर उभा राहिला. आमच्या दृष्टीनं ती गोष्ट तिथं संपली होती.

बरीच वर्षं काही झालं नाही. मग एका हिवाळ्यात खोकताना रुमालावर रक्ताची रेघ दिसली. एका खाजगी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना खड्डा आणि डाग दिसला, आणि क्षय उलटला म्हणून पुन्हा तीच औषधं सुरू केली. बेडक्यात जंतू सापडले नाहीत. सीबीनॅट या मशीनवर केलेल्या तपासणीतही नाहीत. तरी औषधं चालूच राहिली. दादाचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना, आणि रक्त पडायचं ते पडतच राहिलं. याचा मला आजही राग येतो. क्षय बरा झाल्यावरही त्याचा डाग एक्स-रेवर आयुष्यभर राहतो. डाग म्हणजे जंतू नव्हे. ज्या गावात घराआड घर कुणाला तरी कधीतरी क्षय होऊन गेलेला असतो, तिथं हे तरी लोकांना सांगायला हवं.

मोठं रक्त पडलं ते उन्हाळ्यात, रात्री. दादा जेवून उठला, खोकला आला, आणि रेघ नाही, गुठळी नाही, लालभडक फेसाळ रक्त तोंडातून येऊ लागलं. वहिनींनी पुढे धरलेला तांब्या भरत आला. आम्ही त्याला उताणा झोपवणार, इतक्यात शेजारचा मुलगा रिक्षा घेऊन आला आणि तसंच बसवून नेलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुना एक्स-रे पाहिला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे दादाला उजव्या कुशीवर वळवलं. उजव्या बाजूनं रक्त येतंय, ती बाजू खाली ठेवायची, म्हणजे ते डाव्या फुप्फुसात उतरत नाही. त्यांनी सलाइन लावलं, रक्त थांबवण्याचं इंजेक्शन दिलं, आणि मला बाहेर घेऊन सांगितलं. अशा रुग्णाचा जीव सहसा रक्त कमी झाल्यामुळे जात नाही, त्याच रक्तानं श्वासाची वाट बुजल्यामुळे जातो. श्वासनळी आणि तिच्या मोठ्या फांद्यांत मिळून जेमतेम 150 मिलीलीटर जागा असते. म्हणजे चहाचा एक कप. “इथं थांबू नका, इंदूरला न्या,” त्या म्हणाल्या. “तिथं रक्तवाहिनी आतून बंद करतात.”

आतून बंद करतात म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये मी दादाला कुशीवर धरून बसलो. बुऱ्हाणपूर ते इंदूर सुमारे 180 किलोमीटर. असीरगडाचा चढ, खंडवा, मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल, बडवाह, मग सिमरोलचा घाट. रस्त्यात ट्रकच ट्रक. दादा खोकला दाबून धरत होता, कारण खोकलं की रक्त येईल याची त्याला धास्ती होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की दाबू नका, येईल ते बाहेर टाकू द्या. मी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

इंदुरात मराठी माणसं होळकरांच्या काळापासून आहेत, आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही पोचलो ते तिथल्याच एका जुन्या मराठी घरातले. ते सर्जन नव्हते. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर एक्स-रेचं चित्र बघत बारीक नळीनं शरीराच्या आतलं काम करणारे. त्यांनी आधी छातीचा सीटी अँजिओग्राम केला, नंतर मला आणि पुतणीला बोलावून केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनानं आकृती काढली. पुतणी तेव्हा बी. फार्मला होती, तिला त्यातलं निम्मं तरी माहीत होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांनी मला माहीत नाही असंच धरून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

फुप्फुसाला दोन वाटांनी रक्त मिळतं. एक मोठी वाट, हृदयाच्या उजव्या बाजूकडून, प्राणवायू भरून घ्यायला जाणारं रक्त तिच्यातून वाहतं. तिथला दाब कमी असतो. दुसऱ्या वाटेच्या अगदी बारीक धमन्या थेट महाधमनीतून निघतात आणि श्वासनळीच्या फांद्यांना पोसतात. त्यांना ब्राँकियल धमन्या म्हणतात. त्या लहान असतात, पण महाधमनीचा पूर्ण दाब त्यांच्यात असतो. क्षयानं फुप्फुसाचा एखादा भाग खाऊन टाकला की तिथली मोठी वाट हळूहळू बुजते आणि या बारीक धमन्या तिची जागा घ्यायला फुगू लागतात, वेड्यावाकड्या वाढतात, नको तिथे जोडल्या जातात. निरोगी माणसात त्या उगमापाशी दीड मिलीमीटरपेक्षा बारीक असतात. दोनच्या वर गेल्या की बिघडल्या समजायचं. दादाची त्याहून बरीच रुंद झाली होती. पातळ भिंत आणि जोरदार दाब. खोकल्यातून मोठ्या प्रमाणात रक्त पडतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते याच धमन्यांतून येतं. जंतू केव्हाच मेले होते. त्यांनी मागे ठेवलेल्या या धमन्या जिवंत होत्या.

मग त्या धमनीपर्यंत पोचायचं कसं? मांडीच्या सांध्यातल्या धमनीत सुई घालायची, तिच्यातून नळी, ती महाधमनीतून वर छातीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही बुऱ्हाणपूरचे, कुंडी भंडारा पाहिलाय ना?” पाहिलाय म्हणजे काय, लहानपणी तिथल्या पाण्यात पाय सोडून बसलोय. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणायला तो खोदला. शंभरावर कुंड्या वरून वेगवेगळ्या विहिरी दिसतात, पण खाली एकच बोगदा त्यांना जोडतो. डॉक्टर म्हणाले, एका कुंडीतून उतरायचं आणि जमीन न उकरता आतल्या आत दुसऱ्या कुंडीखाली पोचायचं, तसं हे आहे. ते ऐकल्यावर मला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

पोचल्यावर तिथं काय सोडायचं, हा खरा प्रश्न. त्यांनी चार-पाच वस्तूंची नावं घेतली. त्यात पीव्हीए ऐकल्यावर मी मध्येच बोललो, “आमच्या सायझिंगमधली पीव्हीए?”

ते थांबले. मग म्हणाले, “रसायन तेच.”

माझ्या मनात आलेली शंका कुठल्याही सायझिंगवाल्याच्या मनात आली असती. पीव्हीए पाण्यात विरघळते. विरघळते म्हणूनच आम्ही वापरतो; कापड विणून झालं की प्रोसेसवाले गरम पाण्यानं ती धुऊन काढतात. मग रक्तात सोडलेली पीव्हीए टिकेल कशी? शरीरात तर कायमची ऊब. मी हे विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. हा प्रश्न आजवर कुणा नातेवाइकानं विचारला नव्हता, असं ते म्हणाले. दवाखान्यात वापरतात ती पीव्हीए फॉर्मल्डिहाइडबरोबर अभिक्रिया करून एकमेकींत बांधलेली असते, तिचा फेस करून स्पंज बनवतात. त्या बांधणीमुळे ती पाण्यात फुगते, पण विरघळत नाही. मग तो स्पंज सुकवून, बारीक करून, चाळण्यांतून गाळून वेगवेगळ्या मापांच्या कणांत वाटतात. उरलेलं फॉर्मल्डिहाइड आधीच धुऊन काढलेलं असतं. त्यांनी कपाटातून एक बाटली काढून दाखवली. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, वर छापलेलं माप 355 ते 500 मायक्रॉन. म्हणजे जाडातला जाड कणसुद्धा अर्ध्या मिलीमीटरचा.

माप महत्त्वाचं असतं आणि ते का, हेही त्यांनी सांगितलं. फार बारीक कण घेतले तर ते बिघडलेल्या जोडवाटांतून पलीकडे निसटून भलतीकडे जाऊ शकतात, किंवा श्वासनळीच्या, अन्ननलिकेच्या चांगल्या भिंतीचं रक्त तोडतात. फार मोठे घेतले तर ते अलीकडेच अडकतात आणि पलीकडचं जाळं दुसरीकडून रक्त ओढत राहतं. शिवाय काही माणसांत याच धमन्यांच्या आसपासून मज्जारज्जूला रक्त नेणारी बारीक फांदी निघते. तिच्यात एक कण गेला तरी पाय लुळे पडू शकतात. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून कण सोडण्याआधी रंगद्रव्य टाकून ती फांदी शोधायची, आणि दिसली तर तिच्या पुढे जाऊन सोडायचं, नाहीतर सोडायचंच नाही. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांनी हे वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

पुतणीनं नंतर पीव्हीएचा सगळा माग काढला. 1924 साली जर्मनीत हेरमान आणि हेनेल या दोघांनी ती प्रथम तयार केली. 1939 साली जपानमध्ये क्योटोला साकुराडा आणि त्यांचे कोरियन सहकारी री सुंग-गी यांनी फॉर्मल्डिहाइडनं बांधून तिच्यापासून पाण्यात न विरघळणारा धागा काढला. तो पुढे व्हिनायलॉन म्हणून ओळखला गेला. म्हणजे दवाखान्यातल्या पीव्हीएची मूळ युक्ती कापडवाल्यांचीच. तिचा स्पंज इव्हालॉन या नावानं शस्त्रक्रियेत आला, आणि 1974-75 च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले ताडवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धमन्या बंद करायला वापरून त्यावर लिहिलं. त्याच्या थोडं आधी, 1973 मध्ये, फ्रान्समधल्या रेमी यांनी खोकल्यातून रक्त पडणाऱ्यांच्या ब्राँकियल धमन्या आतून बंद करण्याची पद्धत मांडली होती. आमच्या कारखान्यात रोज पोती फुटतात आणि ती फोडणाऱ्यांतल्या एकालाही यातलं काही माहीत नाही. मला तर ते कळल्यावर कित्येक दिवस पोत्याला हात लावताना छाती भरून यायची.

दादाच्या आधी नंबर होता तो खंडव्याकडच्या एका चाचांचा. तेही जुने विणकर, त्यांचाही जुना क्षय. डॉक्टरांनी त्यांना जिलेटिनच्या स्पंजबद्दल सांगितलं. 1940 च्या दशकापासून शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला तो वापरतात, स्वस्त आहे, कातरून बारीक तुकडे करून धमनीत सोडता येतो, पण काही आठवड्यांत शरीर तो शोषून घेतं आणि वाट पुन्हा उघडू शकते. आणि तो बहुतेक वेळा डुकराच्या कातडीपासून केलेला असतो, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. चाचा क्षणभर गप्प राहिले, मुलाशी बोलले, आणि पीव्हीए घ्यायचं ठरलं. त्यांचा मान ठेवून, त्यांना आधी सांगून घेतलेला तो निर्णय मला फार मोलाचा वाटला. शरीरात सोडायची वस्तू कशाची आहे, हे माणसाला आधी कळायला हवं.

दादाला भूल दिली नव्हती, फक्त मांडीपाशी बधिर केलं होतं. त्यामुळे त्याला सगळं आठवतं. रंगद्रव्य सोडलं की छातीत ऊन पसरल्यासारखं वाटायचं. डॉक्टर सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. आत भुकटी कशी सोडतात ते टेक्निशियननं मला नंतर सांगितलं: पीव्हीए एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून ती रंगद्रव्यात मिसळतात, रंग जिकडे जातो तिकडे कण गेले असं समजतात. आणि ती एकदम जास्त घ्यायची नसते, नाहीतर कण एकमेकांना चिकटून नळीच गच्च होते. म्हणून पातळ करून, हलवत हलवत, थोडी थोडी. “गाठी होतात,” तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडेही.

काम झाल्यावर डॉक्टरांनी आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं. पहिल्यात उजव्या फुप्फुसाच्या वर काळ्या गुंतवळीसारखं जाळं. दुसऱ्यात धमनीचा नुसता बुंधा, आणि पुढे काही नाही. दादाला सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं. छातीत दोन दिवस दुखलं, घास गिळताना अडखळलं. असं होतं म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी बेडक्यात जुनं काळसर रक्त आलं, मग तेही नाही.

त्याच वॉर्डाच्या बायकांच्या बाजूला खरगोनकडची एक मुलगी होती. तिच्या मेंदूत जन्मापासून धमन्या आणि शिरा मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट एकमेकींना जोडलेल्या होत्या. फिट येऊन रक्तस्राव झाल्यावर ते कळलं. तिच्या मेंदूतल्या त्या गुंतवळीत ऑनिक्स नावाचा द्रव भरला. त्याची बाटली आधी वीस मिनिटं यंत्रावर हलवतात, कारण त्यात टँटलम धातूची भुकटी असते, ती तळाशी बसली तर पडद्यावर द्रव दिसत नाही. मग तो इतका हळू सोडतात की एका मिनिटाला एक थेंब-दोन थेंब. ज्या द्रावकात तो विरघळवतात त्याचं नाव डीएमएसओ. रक्तात गेल्यावर द्रावक पसरून जातं आणि मागे मऊ गोळा घट्ट होत राहतो. द्रावक श्वासावाटे बाहेर पडतं तेव्हा त्याला लसणीसारखा वास येतो. तिची आई दोन दिवस परिचारिकेला विचारत होती की पोरीला उपाशी ठेवलंय तर लसूण कुणी खाऊ घातली. ऑनिक्समधलं रसायन इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल, पुतणी म्हणाली, म्हणजे पीव्हीएच्याच घराण्यातलं. मेंदूतल्या अशा गुंतवळीत बाहेरून काही सोडून ती बंद करण्याचा प्रयत्न अमेरिकेत ल्यूसेनहॉप आणि स्पेन्स यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी प्लास्टिकच्या बारीक गोळ्या रक्ताच्या प्रवाहात सोडल्या होत्या आणि प्रवाह त्यांना नेईल तिकडे त्या जाणार होत्या. नळीचं टोक थेट गुंतवळीपाशी नेता येणं ही नंतरच्या काळातली गोष्ट.

दादाला घरी आणलं. जवळपास वर्षभर सगळं ठीक होतं, आणि मग पुन्हा रक्त. या वेळी थोडं, पण आम्ही वाट पाहिली नाही. डॉक्टरांनी हे होऊ शकतं असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धमनी बंद केली म्हणजे फुप्फुस दुरुस्त झालं असं नाही. तो खड्डा आहे तिथंच आहे, आणि त्याला रक्त हवं असतं. त्यानं आता बरगड्यांमधल्या धमन्यांकडून नवी वाट काढली होती. कणांच्या मध्ये फटी राहून जुनी वाटही थोडी उघडली होती.

या खेपेला त्यांनी ग्लू वापरायचं ठरवलं. एन-ब्यूटिल सायनोॲक्रिलेट, बाजारात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या कुळातला, पण शरीरासाठी केलेला. त्या कुळातलं पहिलं रसायन 1942 साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या हाताला लागलं, ते बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते आणि हे सगळ्याला चिकटत असल्यामुळे त्यांनी बाजूला ठेवलं होतं. रक्तातल्या क्षारांचा स्पर्श झाला की ते काही क्षणांत घट्ट होतं. म्हणून नळी मिठाच्या सलाइननं नव्हे, साखरेच्या पाण्यानं, डेक्स्ट्रोजनं धुतात. नाहीतर ग्लू नळीतच बसायचा. आणि सोडल्या सोडल्या नळी मागे ओढून घ्यावी लागते. तो पडद्यावर दिसावा आणि जरा सावकाश घट्ट व्हावा म्हणून त्यात लिपिओडॉल मिसळतात. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन बांधलेलं खसखशीचं तेल. फ्रान्समध्ये 1901 साली मार्सेल गेर्बे यांनी ते तयार केलं. आमच्याच राज्यात मंदसौर-नीमचला परवान्यानं अफूची शेतं असतात आणि बाजारात खसखस तिथूनही येते. तिच्या तेलात अफू नसते, हे पुतणीनं वहिनींना दोनदा सांगितलं.

धातूच्या स्प्रिंगा, म्हणजे कॉइल, का नाही वापरत, असं मी विचारलं होतं, कारण हृदयाच्या आणि मेंदूच्या रुग्णांकडून कॉइलचं नाव ऐकलं होतं. डॉक्टरांचं उत्तर होतं की कॉइल तोंडाशीच बसते. पुढे जाळं पुन्हा जागं झालं तर आपल्याला आत जायला वाट उरत नाही. दादाच्या बाबतीत पुन्हा जावं लागणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. फुप्फुसाचा तो भाग शस्त्रक्रियेनं काढून टाकणं हा कायमचा उपाय, पण डावं फुप्फुसही क्षयानं थोडं गेलेलं असल्यानं श्वासाच्या तपासणीत दादा त्याला बसला नाही.

पैशांबद्दल एवढंच की ग्लूपेक्षाही ती केसासारखी बारीक आतली नळी महाग पडते. तिची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर होती. सूत उधारीवर देणाऱ्या व्यापाऱ्यानं आगाऊ दिले, गल्लीनं वर्गणी काढली. त्यात ज्यांनी दिले त्यातले निम्मे स्वतः लूमवर आहेत.

आता दादा लूमवर जात नाही. केळीच्या गोदामात आवक-जावक लिहितो, तिथं तूस नाही. बिडी सोडली. लूमवर आता त्याचा धाकटा मुलगा आहे, तो तोंडाला फडकं बांधून काम करतो आणि दर सहा महिन्यांनी बेडका तपासून येतो, यासाठी वहिनी त्याच्या मागे असतात. आमच्या कारखान्यातले लोक आता रक्ताचा एक डाग दिसला तरी मला येऊन विचारतात. मी त्यांना आधी बेडका तपासायला सांगतो, जंतू नसतील तर सीटी करून धमन्या बघायला सांगतो, आणि रात्री-अपरात्री जास्त पडलं तर कुठल्या कुशीवर झोपवायचं ते सांगतो.

दादाच्या खिशात एक कागद असतो, पुतणीनं लॅमिनेट करून दिलेला. त्यावर लिहिलं आहे: उजवी बाजू, वरचा भाग, पहिल्या वेळी उजवी ब्राँकियल, पीव्हीए 355 ते 500, दुसऱ्या वेळी बरगड्यांमधल्या दोन धमन्या, ग्लू आणि लिपिओडॉल, मज्जारज्जूची फांदी दिसली नाही, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर. पुढच्या वेळी लागलं तर डाव्या मांडीतून जाऊ, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.